एक इंच ओल

४ मार्च

चि. ढेकूळ,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. तेवढ्यात माझं काम होईल.

काम हिरवळीचं आहे. दुसरं काही समजू नकोस. तुझी आई तुझ्याशी फोनवर काय कुजबुजते ते मला ऐकू येतं, कारण ती कुजबुजते तेसुद्धा ओरडून. तुला त्या रोपवाटिकेत कायम करायचं घाटतंय आणि त्यांनी आमच्या ऑफिसकडून, तू इथे माझ्या हाताखाली होतीस तेव्हाचा, तुझ्याबद्दलचा शेरा मागवलाय, एप्रिल संपायच्या आत, हे मला कळलंय. त्या शेऱ्यात काय लिहिलंय तेही मला माहीत आहे. खाली सही माझीच आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही.

तर हिरवळ. दवाखान्यामागची आपली हिरवळ आता बघवत नाही. खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखी दिसते. जागोजागी टकलं, टकलांच्या कडेला पिवळी झुलपं, आणि मधे एखादा तण असा टुकटुकीत उभा की त्याला उपटायचीही लाज वाटावी, तेवढाच एक जिवंत आहे म्हणून. सव्वीस वर्षं मी इथला मुख्य माळी. सकाळी फाटकातून आत शिरताना आताशा मी समोर बघत नाही, चपलांकडे बघतो.

साहेबांनी त्यावर काय उपाय काढला, सांगू? रंग. वरून तपासणीला माणसं येणार म्हणून डब्यातला हिरवा रंग आणला आणि फवाऱ्याने मारायला लावला. कोणाला? मला. मी मारला. गवत हिरवं, दगड हिरवे, कडेचा बाक हिरवा. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे म्हातारे नेहमीसारखे अनवाणी चालायच्या सरावाला आणले आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे तळवे हिरवे! मोठ्या सिस्टर त्या तळव्यांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्याआधी आठवडाभर मिशाळाने (तोच, माझ्या हाताखालचा, तुझ्या हातातला पाइप हिसकावून घ्यायचा तो) माशांचं खत ओतून ठेवलेलं. त्याचा वास, रंगाचा वास, वर घोंगावणाऱ्या माश्या. मी दुपारचा डबा चार दिवस तसाच परत आणला. शिसारी म्हणजे काय ते मला या वयात कळलं.

मागच्या आठवड्यात मी एक करून पाहिलं. पेलाभर पाणी घेतलं आणि एका टकलावर ओतलं. आत गेलंच नाही. मेणकापडावर सांडावं तसं थेंब थेंब होऊन उभं राहिलं, मग उतार धरून फरशीवर निघून गेलं. खाली उकरलं तर भुकटी. तू म्हणायचीस, "बाबा, ही वाळू पाणी पीत नाही." मी म्हणायचो, "पाणी पीत नाही तर काय चहा पिते?" आणि सगळे हसायचे.

तर आता विचारतो. ह्यावर काय औषध आहे? तुझी एक वही होती, तीत काहीबाही टिपून ठेवायचीस. त्यातलं लिहून पाठव. हिरवळीसाठी म्हणतोय.

— बाबा


१९ मार्च

चि. ढेकूळ,

तुझा कागद मिळाला. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीतसुद्धा ह्याहून जास्त माया असते. पण कृती चोख आहे, ते नाकारत नाही. जमिनीला चार दातांच्या काट्याने वीत वीत अंतरावर भोकं पाडा. माती भिजवायचं औषध पाण्यात मिसळून झारीने घाला. थांबा. मग पाणी एकदम सोडू नका, थोडं थोडं, मधे जिरू देऊन, तीनदा. वर चाळलेलं कुजकं खत बोटाच्या पेराएवढं पसरा. चिकणमाती पाण्यात कालवून भोकांत उतरू द्या. आणि ठळक अक्षरात, "कपड्यांचा साबण वापरू नका."

तू नको म्हणालीस म्हणूनच वापरला. औषध यायला चार दिवस लागणार होते आणि मला दम नव्हता. धोबीखान्यातून साबणाची पूड आणली, बादलीत फेटली आणि ओतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. घोट्याएवढा फेस झाला. सकाळी बघतो तर फेस गेला होता आणि त्याखालचं गवत चहाच्या चोथ्याच्या रंगाचं झालं होतं. मिशाळ म्हणाला, "धुतलंत खरं, आता वाळत घालायचं का?" मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मग खरं औषध आलं. तू लिहिलंस तसं सगळं केलं. भोकं पाडताना एक ढपला अख्खा निघून आला, तो हातावर घेऊन बाकावर बसलो. वरचा इंचभर थर ओला. जुन्या कुजक्या मुळांचा, गोंदासारखा, वास तुंबलेल्या मोरीचा. त्याखाली रेघ मारल्यासारखी कोरडी, पांढरट वाळू. ती वाऱ्याने माझ्या विजारीवर उडाली. इतकी वर्षं आपण पाइप धरून उभे राहायचो आणि पाणी त्या इंचभरात खेळून उतारावरून पळून जायचं. वाळूच्या कणाकणावर मेणासारखं काहीतरी बसतं, असं तू लिहिलंयस. माझ्या डोक्यावरही तेच बसलं असणार. किती वेळा सांगितलंस, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आता त्या दिवसाबद्दल. तू कागदाच्या तळाशी लिहिलंयस, "माझ्या शेऱ्याचं तुम्ही काय करणार?" मी काय करणार म्हणजे? मी जे पाहिलं ते लिहिलं, पाणी न देता दिलं म्हणून सांगते, असं. तू दोन तास पाणी दिलं म्हणालीस. मी साहेबांसमोर, मोठ्या सिस्टरसमोर, सगळ्या माळ्यांसमोर खुरप्याने उकरलं आणि खाली भुकटी निघाली. कोणत्या माळ्याने दुसरं काही म्हटलं असतं? जमीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. मूठभर वाळू तुझ्या पायांपुढे फेकायला नको होती, हे मान्य. "खोटारडी" हा शब्दही घरी बोलायचा होता, चारचौघांत नाही. तू पाइप खाली ठेवलास आणि गेलीस. नळ बंद करून गेलीस. ते माझ्या लक्षात आहे.

ह्या वाळूचा हा रोग आहे हे मला मागच्या आठवड्यात, म्हणजे पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच्या आठवड्यात कळलं. आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यात माझा फारसा दोष धरू नकोस. शेऱ्याबद्दल साहेबांशी बोलेन म्हणतो, वेळ बघून. त्यांची मिजास हल्ली फार वाढलीय.

भोकं पाडलेल्या भागात पाणी आता उभं राहत नाही. काल कान लावून ऐकलं तर आत जाताना आवाज येतो.

— बाबा


२ एप्रिल

ढेकूळ,

पूर्ण पान कोरं आणि मधोमध एक प्रश्न. "तुम्हाला नक्की कधी कळलं? आई म्हणते, मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी लवकर गेलात आणि परत येऊन जेवला नाहीत. का?"

पहिल्यांदा तुझ्या आईवर चिडलो. चौदा महिन्यांपूर्वी मी जेवलो की नाही हे ज्या बाईच्या लक्षात राहतं, तिला स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते सकाळपासून सापडत नाही. तिला तसं म्हणालोही. मग दोन दिवस तुला उत्तर लिहीत बसलो. एकात लिहिलं की पित्त झालं होतं. एकात लिहिलं की तू गेलीस म्हणून घास उतरला नाही. दुसरं वाचताना मला स्वतःचीच इतकी किळस आली की कागद चुरगाळून चुलीत घातला. बापाची माया दाखवून सुटायला बघत होतो.

आता सरळ लिहितो.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहालाच हिरवळीवर होतो. कोणी आलेलं नव्हतं. शेरा टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर होता, त्यावर सही दुपारी करायची होती. मला म्हटलं तर राग होता, म्हटलं तर एक शंका होती. तू लहानपणापासून खोटं बोललेली मला आठवत नव्हती. तू मातीत बसून असायचीस, मातीच खायचीस, आणि विचारलं की "हो, खाल्ली" म्हणायचीस. तर मी स्वतः पाइप लावला. तू जिथे पाणी दिलं म्हणालीस तिथेच, घड्याळ लावून, दोन तास. जागचा हललो नाही. गवत चकचकीत झालं. मनात म्हटलं, पाणी दिलं की असं दिसतं! आणि खुरपं घातलं.

भुकटी निघाली.

मला वाटलं, ही जागाच वाईट असेल. दुसरीकडे घातलं. मग तिसरीकडे. सात ठिकाणी उकरलं मी, ढेकूळ. सातही ठिकाणी एक इंच ओल आणि खाली धूळ. म्हणजे तू पाणी दिलं होतंस. अगदी दोन तास दिलं होतंस. तू जे म्हणत होतीस तेही सगळं खरं होतं, आणि मी सव्वीस वर्षं ज्या जमिनीवर उभा होतो ती मला ठाऊक नव्हती.

मग मी काय केलं? ती सात भोकं पायाने बुजवली. बुजवताना आजूबाजूला बघितलं, कोणी बघत तर नाही ना. साठीला आलेला माणूस, आणि मांजरासारखा माती ओढून झाकत होतो. घरी आलो. ताटावर बसलो आणि उठलो. दुपारी ऑफिसात गेलो आणि सही केली.

आधी उकरलं, मग सही केली. हे तू नीट वाच. मी चुकलो असतो तर एक वेळ ठीक होतं. मी चुकलो नाही, मला माहीत होतं.

का केली ते विचारशील. साहेब म्हणाले होते, "सख्ख्या मुलीचीही गय केली नाहीत, असा माणूस हवा." ते मला गोड लागलं. सगळ्या माळ्यांसमोर म्हणाले होते. मग मी काय जाऊन सांगणार होतो, की साहेब, मुलगी बरोबर होती आणि तुमचा मुख्य माळी गाढव आहे? वर्षाच्या समारंभात त्यांनी तीच गोष्ट माइकवरून सांगितली. टाळ्या पडल्या. तुझी आई शेजारी बसली होती, तिने वाजवल्या नाहीत. मी मान खाली घालून बसलो तर लोकांना तो विनय वाटला. चौदा महिने मी नाकाने कांदे सोलत हिंडलो. नवीन माणूस कामाला लागला की मिशाळ त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्यांच्यापुढे थापा चालत नाहीत, पोटच्या पोरीला घालवली ह्यांनी." आणि मी ऐकून घ्यायचो. थोडा ताठच व्हायचो.

हिरवळ मेली तीसुद्धा त्यामुळेच. औषध तुझ्या वहीत आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते विचारायचं तर तू बरोबर होतीस हे आधी मान्य करावं लागलं असतं. म्हणून रोज दुप्पट पाणी सोडायचो आणि ते उतारावरून गटारात जाताना बघायचो. रंगाचा फवारासुद्धा त्याचसाठी मुकाट्याने हातात घेतला. मोठ्या सिस्टर हिरव्या तळव्यांवरून नजर उचलून माझ्याकडे बघत होत्या तेव्हा मला वाटलं, ह्या बाईला सगळं ठाऊक आहे. तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं.

तुझ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा.

— बाबा


११ एप्रिल

ढेकूळ,

उत्तर आलं नाही. यायला हवं असं माझं म्हणणंही नाही. जे झालं ते कळवतो.

सोमवारी साहेबांकडे गेलो. म्हटलं, मुलीचा शेरा खोटा आहे, काढून टाका. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी हिरवळीचा रोग, औषध, सगळं सांगितलं. ते ऐकून खूश झाले. म्हणाले, "मग सोपं आहे! जमिनीत दोष होता, तो तेव्हा लक्षात आला नाही, सबब शेरा मागे घेण्यात येत आहे. दोन ओळी. तिचं काम झालं, तुमचंही नाव राहिलं." मी म्हटलं, "लक्षात आला होता, साहेब. सही करायच्या आधी आला होता." ते उठले. मग दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अहो, महिनाअखेरीला तुमचा निरोप समारंभ आहे. कशाला स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला काळं फासता? पोरीला कागद हवाय, तो मिळतोय ना?"

खोटं कशाला सांगू, मी पाच मिनिटं विचार केला. त्या दोन ओळींत तू सुटत होतीस आणि मीही सुटत होतो. तेच मला घाण वाटलं. तुझ्या सुटण्याच्या आडून मीही सुटणार, आणि वर जमिनीवर खापर. जमिनीने माझं काय घोडं मारलं होतं?

मी म्हटलं, "कागद मी लिहितो. आणि त्या दिवशी जे जे हजर होते, त्यांना हिरवळीवर बोलवा."

आले सगळे. साहेब नाइलाजाने आले. काठ्या घेऊन म्हातारेही आले, त्यांना तमाशा हवाच असतो. एक पट्टा मी मुद्दाम तसाच ठेवला होता, औषध न घातलेला. तिथे पाइप लावला. पाणी पसरलं, चकाकलं, फरशीवर आलं, साहेबांच्या बुटांपर्यंत गेलं. बंद केला आणि मिशाळाच्या हातात खुरपं दिलं. म्हटलं, "तू उकर, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." त्याने उकरलं. मूठभर भुकटी हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. शेजारच्या औषध घातलेल्या भागात उकरायला लावलं, तिथे कोपरापर्यंत ओल लागली.

मग बोललो. भाषण केलं नाही. म्हटलं, माझ्या मुलीने पाणी दिलं होतं, मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, दुपारी मी तरीही सही केली, आणि चौदा महिने टाळ्या खाल्ल्या. एका म्हाताऱ्याने खाकरून थुंकलं, ते माझ्यावर होतं की नुसतंच, कळलं नाही. मिशाळ हातातली वाळू झटकून म्हणाला, "आम्ही पण पोरीला नाही नाही ते बोललो की हो तुमच्या नादाने." आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. बरोबर आहे त्याचं.

मोठ्या सिस्टर थांबल्या. विचारलं, "तिला सांगितलंत?"

"पत्रात लिहिलंय."

"तिला चारचौघांत बोललात ना? मग पत्रात काय सांगता?"

घरी तुझ्या आईलाही सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, भाजी ढवळायची थांबली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही मूर्ख आहात. मूर्ख असतात तर बरं झालं असतं." पाच दिवस झाले, माझं ताट झाकून ठेवते आणि समोर बसत नाही.

समारंभ रद्द झालाय. कारण लिहिलंय "प्रकृती". माझी प्रकृती ठणठणीत आहे. महिना संपला की पाइप मिशाळाच्या हाती देऊन बाहेर पडेन. तोवर जमेल तितकी हिरवळ तुझ्या कृतीने करून जातोय. म्हातारे रोज येऊन बोट खुपसून बघतात आणि एकमेकांना दाखवतात.

कागदाची नक्कल सोबत आहे. मूळ कागद तुमच्या रोपवाटिकेकडे रवाना झालाय, पोच माझ्याकडे आहे. शेवटची ओळ, सही करायच्या आधीच मला कळलं होतं ही, साहेबांनी खोडायला सांगितली होती, ती ठेवली आहे.

सिस्टर म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. तुझ्या रोपवाटिकेत मला कोणी ओळखत नाही. पण तो शेरा तिथे फिरला असेल तर तुझ्याकडे कोणी तसं बघितलंही असेल. पुढच्या रविवारी मी येतो. फाटकाबाहेर उभा राहीन, आत घुसणार नाही. तुझ्या तिथल्या माणसांसमोर, तुझ्या तोंडाकडे बघून, मला सांगायचंय की तू खोटं बोलली नव्हतीस, मी बोललो होतो. भेटायचं नसेल तर कोणालातरी बाहेर पाठवून नको म्हणून सांग, मी मुकाट्याने परत फिरेन. मला माफ कर असं ह्या पत्रात लिहीत नाही. ते तिथेच म्हणेन.

— बाबा


१५ एप्रिल

बाबा,

रविवारी रोपवाटिका बंद असते. सोमवारी या. साडेनऊला हजेरी होते, तेव्हा सगळे असतात.